किनाऱ्याला लागलेलं कासव परत पाण्यात सोडायचं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा होता की ऑगस्टमध्ये श्रीवर्धनच्या बाजूला फिरायला गेला होतात, सकाळी किनाऱ्यावर एक मोठं कासव दिसलं, पुढच्या एका पायाला जाळं गुंडाळलेलं, तुम्ही आणि गावातल्या दोन-तीन पोरांनी मिळून जाळं कापलं आणि त्याला पाण्यात सोडलं, ते लाटेबरोबर परत आलं, परत सोडलं, परत आलं, शेवटी ओळखीच्या एका होडीवाल्याने आत नेऊन सोडलं. हे बरोबर केलं का, आणि पाय गेलेलं कासव पुढे जगतं का.

स्पष्टच सांगतो, राग मानू नका. जाळं कापलंत ते चांगलं केलंत, पाण्यात सोडलंत ते नाही. ते दोनदा परत आलं ना, तिथेच त्याने तुम्हाला सांगितलं होतं की मला पोहता येत नाहीये. समुद्री कासव हा काही मासा नाही, त्याला फुफ्फुसं आहेत, दर थोड्या वेळाने वर येऊन डोकं बाहेर काढून श्वास घ्यावा लागतो, आणि अशक्त कासवाला तेवढी मान उचलायचीही ताकद नसते. मग ते बुडतं. हो, कासव बुडून मरतं, हे ऐकून लोकांना खरं वाटत नाही पण आम्ही शवविच्छेदनात फुफ्फुसात पाणी बघतो. वाळूवर ते निदान श्वास तरी घेत होतं.

मी गुरांचा डॉक्टर आहे. दवाखान्यात रोज येतात त्या गाई-म्हशी, शेळ्या आणि कुत्री, पण तालुका समुद्रकाठचा असल्यामुळे वनखात्याचा फोन आला की कासव बघायला जावं लागतं, आणि हे आता बरीच वर्षं चाललंय. कॉलेजात आम्हाला कासवाचं काही म्हणजे काही शिकवलं नव्हतं, सगळं नंतर डहाणूच्या कासव-उपचार केंद्रातल्या लोकांना फोन करून करून आणि वाचून शिकलो. त्यामुळे खाली जे सांगतोय ते किनाऱ्यावर उभं राहून कामाला येईल असं सांगतोय.

पहिली गोष्ट, किनाऱ्यावर दिसलेलं प्रत्येक कासव आजारी नसतं. आपल्याकडे नोव्हेंबर ते मार्च या दिवसांत ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवाची मादी अंडी घालायला येते, बहुतेक करून रात्री, भरतीच्या सुमाराला. वर सुक्या वाळूपर्यंत चढते, मागच्या पायांनी दीडेक फूट खड्डा काढते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू ओढून दाबते आणि तासाभरात निघून जाते. तिला काहीच करायचं नसतं. टॉर्च बंद, मोबाईल खिशात, लांब मागच्या बाजूला गप्प बसायचं, आणि ती गेल्यावर कासवमित्राला, म्हणजे कासवांची घरटी राखणाऱ्या गावातल्याच माणसाला, किंवा वनरक्षकाला सांगायचं. सकाळी गेलात तर तिचा माग दिसतो, ट्रॅक्टरचं चाक गेल्यासारखा, एक वर जाणारा आणि एक खाली येणारा. घरटं उकरून बघू नका, अंडी हातात घेऊन फिरवू तर अजिबात नका. घातल्यापासून काही तासांनी आतला गर्भ कवचाला वरच्या बाजूने चिकटतो, त्यानंतर अंडं उलटंपालटं झालं की तो मरतो. हॅचरीत, म्हणजे अंडी राखायच्या कुंपणात, हलवायचीच असतील तर ती माहीतगार माणसं हलवतील, पहिल्या काही तासांत, जशी होती तशी.

पण जून ते सप्टेंबरमध्ये दिवसाढवळ्या किनाऱ्यावर पडलेलं कासव म्हणजे पेशंट, डोळे झाकून असंच धरा. हवाईला हिरवी कासवं वाळूवर ऊन खात पडलेली असतात त्याचे व्हिडिओ लोक बघतात आणि म्हणतात आराम करतंय बिचारं. आपल्याकडे तसलं काही नसतं. कोकणात धडधाकट कासव आराम करायला बाहेर येत नाही. पावसाळ्यात नैऋत्येचं वारं आणि लाटा किनाऱ्याकडे ढकलत असतात, त्यात ज्याच्यात पोहायची ताकद असते ते आत राहतं, ज्याच्यात नसते ते दोन-चार दिवस तरंगत तरंगत किनाऱ्याला लागतं. म्हणजे तुम्हाला दिसलं त्या दिवशी ते आजारी पडलेलं नसतं, आठवडे झालेले असतात. पाठीवर आणि मानेवर शिंपल्यासारखे पांढरे खवले, बार्नॅकल म्हणतात ते, दाटीने बसलेले असतील तर समजा की ते बराच काळ नीट पोहलेलंच नाही. जे हलत नाही त्याच्यावर हे बसतात.

तुमचंही कासव बहुतेक असंच होतं. होडीने आत नेऊन सोडलं म्हणजे काय केलं, तर जो जीव कसाबसा किनाऱ्यापर्यंत पोचला होता त्याला परत सुरुवातीला नेऊन ठेवला. असं सोडलेलं कासव पुष्कळदा दोन-चार दिवसांत शेजारच्या किनाऱ्याला परत लागतं, जिवंत किंवा मेलेलं. म्हणून असं झालं असेल तर निदान दोन्ही बाजूंच्या गावांत सांगून ठेवायचं, की असं असं कासव आहे, पायाला जखम आहे, दिसलं तर सोडू नका. पुढच्या वेळेला हे नक्की करा.

आता फोन कोणाला. वनखात्याची हेल्पलाइन १९२६ आहे, हॅलो फॉरेस्ट, राज्यात कुठूनही लागते. त्याशिवाय किनाऱ्यावरच्या बहुतेक गावांत कासवमित्र आहेत, सरपंचाला नाहीतर पोलीस पाटलाला विचारलं की नंबर मिळतो आणि खरं सांगायचं तर हा रस्ता जास्त जलद असतो, कारण १९२६ वरून निरोप फिरत फिरत रेंजपर्यंत येतो आणि कासवमित्र दहा मिनिटांत सायकलवर येतो. वनखात्याचा कांदळवन (खारफुटी) कक्ष आणि त्याचं प्रतिष्ठान हेही यात आहेत. सांगताना नेमकं ठिकाण, मोबाईलवरून पाठवलेलं लोकेशन, एक फोटो वरून, एक बाजूने, आणि एक छोटा व्हिडिओ ज्यात ते श्वास घेताना किंवा हलताना दिसेल. व्हिडिओचा फार उपयोग होतो, मला बसल्या जागी अंदाज येतो की गाडीत काय काय घालून निघायचं.

लोकांना भीती असते की हात लावला तर केस होईल, कासव पहिल्या अनुसूचीतलं आहे वगैरे. कासव अनुसूची एकमध्ये आहे हे खरंच, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, म्हणजे वाघाच्या रांगेत. पण फोन केलाय, ते येईपर्यंत सावलीत ठेवलंय, याच्यावरून कोणाला त्रास झालेला मी तरी पाहिला नाही. घरी नेऊन टाकीत ठेवणं, गाडीत घालून पुण्याला नेणं, हे मात्र नका करू. (हसू नका, झालंय असं.)

तोपर्यंतचं सांगतो. आधी गर्दी हटवा आणि कुत्री हाकला, कुत्री डोळ्यांवर आणि जखमेवर जातात. मग त्याला भरतीच्या रेषेच्या वर आणा. उचलताना पाय धरून ओढायचं नाही, खांद्यातून निखळतो. दोघांनी पाठीच्या कवचाची कड धरायची, एकाने मानेच्या मागे, एकाने शेपटीच्या वर, मोठं ऑलिव्ह रिडले पस्तीस-चाळीस किलोचं भरतं म्हणून चौघे असाल तर बरं. हात तोंडाजवळ नको, दात नसले तरी चोच अशी असते की खेकडा कडाकड फोडते, बोटाचं काय. आणि उलटं कधीच टाकायचं नाही. लोक पळून जाऊ नये म्हणून उताणं करतात, पण कासवाची फुफ्फुसं पाठीच्या कवचाला लागून असतात, उताणं केलं की सगळ्या आतड्यांचं वजन त्यांच्यावर येतं आणि अर्धमेलं कासव त्यानेच गुदमरतं.

ऊन असेल तर सावली आणि पाठीवर ओला सुती पंचा किंवा चादर, नाकपुड्या आणि डोळे मोकळे ठेवून. पण पाऊस आणि गार वारा चालू असेल तर ओलं करत बसू नका. हे बऱ्याच जणांना उलटं वाटतं. कासवाला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही, आधीच अशक्त, त्यात वरून ओला कपडा आणि वारा, ते आणखी थंड पडतं. तेव्हा कोरडा आडोसा द्या. पाण्याच्या टबात तर अजिबात ठेवू नका, वीतभर पाण्यातही मान टाकून बुडतं. तोंडात पाणी ओतू नका, मासे कोंबू नका, ते खायच्या अवस्थेत नसतंच आणि घशातून सरळ श्वासनळीत जाऊ शकतं.

हळदकुंकू. यावर बोलायला जरा अवघड जातं पण बोलतो. आपल्याकडे कासव म्हणजे देव, देवळात गाभाऱ्यासमोर कासव असतं, त्यामुळे किनाऱ्याला लागलं की बायका येतात, हळदकुंकू वाहतात, नारळ फोडतात, डोक्यावर दूधही घालतात. या श्रद्धेनेच कितीतरी कोळी कुटुंबं जाळ्यात आलेलं कासव मारत नाहीत, सोडून देतात, तेव्हा त्याची मी चेष्टा करणार नाही. फक्त ते कुंकू डोळ्यात आणि उघड्या जखमेत जाऊ देऊ नका, लांबून नमस्कार करा, पूजा वाळूची करा. आमच्याकडच्या एका आजींना हे एकदा सांगितलं, तर त्यानंतर त्याच गर्दी हटवायला पुढे असतात, माझं काम सोपं झालं.

जाळ्याचं नीट ऐका. जाळं वरवर गुंडाळलेलं असेल तर कात्रीने कापा, चाकूने नको, चाकू घसरतो. पण दोरा मांसात खोल रुतलेला असेल, त्याच्यावर सूज आली असेल, पुढचा भाग काळा पडला असेल, तर बाहेर लोंबणारं सगळं जाळं कापून टाका आणि रुतलेला फास तसाच राहू द्या. तो आम्ही काढतो, कारण फास सुटला की अडलेलं रक्त आणि साचलेली घाण एकदम अंगात पसरते, शिवाय रक्तस्राव झाला तर किनाऱ्यावर काय करणार. तोंडातून किंवा मागच्या बाजूने तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, बाहेर आलेला दिसला तर तो ओढायचा नाही. कध्धीच नाही. दुसरं टोक पोटात गळाला अडकलेलं असतं आणि ओढलं की आतडं चुण्या पडून फाटतं. वीतभर बाहेर ठेवून कापा, बस. बार्नॅकलही कोयत्याने खरवडू नका, खालचं कवच सोलून निघतं. कासवाला गोड्या पाण्यात ठेवलं की बार्नॅकल दिवसभरात आपोआप मरून सुटतात, तेही देखरेखीखाली.

कासव अगदी मेल्यासारखं वाटलं तरी लगेच मेलं म्हणू नका, हे खास करून ट्रॉलरवरच्या खलाशांसाठी. जाळ्यात बराच वेळ पाण्याखाली राहिलेलं कासव बेशुद्ध होतं, हृदय इतकं मंद चालतं की कळत नाही. पापणीच्या कोपऱ्याला हळूच बोट लावा, शेपटीला चिमटा काढा, जराही हललं तर जिवंत आहे. त्याला पोटावर ठेवायचं, मागचा भाग वीतभर उंच करायचा, खाली लाकूड नाहीतर टायर, म्हणजे फुफ्फुसातलं पाणी तोंडावाटे निघतं, आणि सावलीत ओलसर ठेवून वाट बघायची, चार तासांपासून चोवीस तासांपर्यंत. शुद्धीवर येऊन डोकं उचलून नीट श्वास घ्यायला लागलं की मगच, इंजिन न्यूट्रल करून, जाळं पाण्यात नसताना, मागच्या बाजूने हळू सोडायचं. बेशुद्ध कासव डेकवरून फेकलं की ते सरळ तळाला जातं.

बरं, ते सेंटरला गेल्यावर काय होतं. राज्यात सगळ्यात जुना अनुभव डहाणूचा आहे, वाइल्डलाइफ कॉन्झर्वेशन अँड अ‍ॅनिमल वेल्फेअर असोसिएशन आणि वनखातं मिळून ते चालवतात, ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठानचं केंद्र आहे, बाकी ठिकाणी माझ्यासारखे लोक तात्पुरती सोय करतात. आल्या आल्या वजन, पाठीची लांबी, मग पोटाकडची बाजू बघायची. निरोगी कासवाचं पोट सपाट किंवा जरा फुगीर असतं, उपाशी कासवाचं आत गेलेलं असतं, डोळे खोल, मानेचं मांस उतरलेलं. मानेच्या वरच्या बाजूने रक्त काढतात. सलाइन देतात पण गाईसारखं भराभर नाही, वजनाच्या हिशोबाने हळूहळू, कारण कासवाचं सगळंच मंद. गंमत बघा, आपल्याला जे अँटिबायोटिक दिवसातून दोन-तीनदा घ्यावं लागतं त्यातलं सेफ्टाझिडीम कासवाला तीन दिवसांतून एकदा दिलं तरी रक्तात टिकून राहतं. म्हणून म्हणतो की कोणी उत्साहाच्या भरात गुरांचं इंजेक्शन टोचू नये, डोस कुठल्या कुठे जातो. आणि गंमत सोडली तर याचा दुसरा अर्थ असा की बरं व्हायलाही तेवढाच वेळ लागतो. कुत्र्याची जखम पंधरा दिवसांत भरते तशी इथे महिने जातात. लोक चार दिवसांनी फोन करून विचारतात, सोडलं का हो?

एक प्रकार नेहमी येतो, तरंगणारं कासव. टाकीत ठेवलं की एक बाजू वर करून नाहीतर ढुंगण वर करून तरंगत राहतं, खाली जाताच येत नाही. कधी न्यूमोनिया असतो, कधी फुफ्फुस फाटून हवा पोकळीत साठलेली असते, कधी आतड्यात प्लास्टिक अडकून गॅस धरलेला असतो. एक्स-रे काढला की कळतं, आता कासवाचा एक्स-रे काढायला माणसांच्या दवाखान्यात रात्री दहानंतर जायचं, पेशंट गेल्यावर, ही आमच्या तालुक्यातली सोय. असं तरंगणारं कासव खोल समुद्रात सोडलं तर त्याचं काय होणार ते सांगायला नको, ते बुडी मारू शकत नाही म्हणजे खाऊ शकत नाही, आणि बोटीच्या पंख्यापासून हलूही शकत नाही.

खायला लागलं की अर्धी लढाई जिंकली. ऑलिव्ह रिडले खेकडे, कोळंबी, माकूळ (स्क्विड), जेलीफिश असलं खातं, आम्ही सुरुवात माकुळाच्या तुकड्याने करतो, चिमट्यात धरून तोंडासमोर हलवत. काही पहिल्याच दिवशी झडप घालतात, काही तीन-तीन आठवडे ढुंकून बघत नाहीत आणि मग एके दिवशी अचानक टाकीतला चिमटाच धरून बसतात.

पाय गेलेल्याचा प्रश्न. हा मला सगळ्यात जास्त विचारला जातो. पुढचे दोन पाय म्हणजे वल्ही, मागचे दोन सुकाणू. एक पुढचा पाय गेला तरी कासव पोहायला शिकतं, आधी गोल गोल फिरतं, मग मागच्या पायाने तोल सावरायला लागतं, बुडी मारतं, तळावरचं खाणं उचलतं. हे सगळं ते स्वतःहून करू शकलं, आणि वजन वाढलं, तर तीन पायांचं कासव सोडतात आणि सोडायलाच पाहिजे, समुद्रात तीन पायांनी मोठी झालेली, जखम जुनी होऊन भरून आलेली कासवं आम्हाला दुसऱ्याच कारणाने सापडतात, म्हणजे ती तशी वर्षानुवर्षं जगलेली असतात. पुढचे दोन्ही गेले तर मात्र सोडता येत नाही. मागचा पाय गेलेल्या मादीचा वेगळा त्रास आहे, ती पोहते छान पण खड्डा त्याच पायांनी काढायचा असतो, एका बाजूचा पाय नुसता हवेत हलतो आणि वाळू तशीच राहते. अशी एखादी मादी रात्री दिसली तर कासवमित्र लांबून लक्ष ठेवतात आणि अंडी उथळ पडली तर हॅचरीत नेतात. म्हणजे तुमच्या कासवाचा पाय वाचला असता की नाही हे फोटोशिवाय सांगता येणार नाही, पण नसता वाचला तरी ते वाचू शकलं असतं.

एवढा खटाटोप एका कासवासाठी कशाला, असंही कोणीतरी खाली विचारेल म्हणून आधीच सांगतो. आपल्याकडे कासव म्हटलं की रत्नागिरी जिल्ह्यातलं वेळास गाव आठवतं, आणि ते रास्तच आहे, २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने, भाऊ काटदरे आणि त्यांच्या लोकांनी, तिथे काम सुरू केलं तेव्हा किनाऱ्यावरची अंडी सर्रास काढून खाल्ली-विकली जायची, मग गावच राखणदार झालं, २००६ पासून महोत्सव सुरू झाला, घराघरात पर्यटक राहायला लागले, अंजर्ले, गुहागर, हरिहरेश्वर, खाली सिंधुदुर्गापर्यंत ते पसरलं, गोव्यात मोरजी, आगोंद, गालजीबागला वनखातं घरटी सांभाळतं. पण हा सगळा पिल्लांचा भाग झाला. हजार पिल्लांमधून एखादंच मोठं होतं असं म्हणतात, आणि मोठं व्हायला दहा-पंधरा वर्षं लागतात. म्हणजे पावसात तुमच्या पायाशी येऊन पडलेली ती चाळीस किलोची मादी ही त्या हजारातली उरलेली एक असते, पुढची कित्येक वर्षं दर हंगामाला दोन-तीनदा अंडी घालू शकणारी. टबभर पिल्लं सोडताना टाळ्या वाजवायला दोनशे माणसं जमतात, आणि या बाईला गाडीत चढवायला चौघे मिळत नाहीत. मला विचाराल तर पैसा आणि माणसं यातली निम्मी तरी मोठ्या कासवांकडे वळायला हवीत, हॅचरीवाले माझे मित्र यावर भांडतात, भांडोत.

आणि ही कासवं फक्त आपली नाहीत. आपल्याला वर्षानुवर्षं सांगितलं जायचं की पश्चिम किनाऱ्याची वेगळी, ओडिशाची वेगळी. मग २०२२ च्या सुरुवातीला वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूट आणि कांदळवन प्रतिष्ठानने इथल्या पाच माद्यांना सॅटेलाइट टॅग लावले, पहिली वेळासची, तिचं नावच प्रथमा. पुढच्या वर्षी गुहागरला बागेश्री आणि गुहा या दोघींना लावले, त्यातली बागेश्री दक्षिणेला जात जात श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. आणि २०२५ च्या जानेवारीत तर गुहागरलाच अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या पायावर धातूचा टॅग मिळाला, नंबर ०३२३३, तो तिला २०२१ मध्ये ओडिशात लावलेला निघाला. साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपास अंतर.

मच्छीमारांना दोष देऊन मोकळं होणारे बरेच आहेत, ते मला पटत नाही. मोठ्या ट्रॉलमध्ये कासव मरतं हे खरं, त्याच्यावर टेड म्हणून लोखंडी जाळीचं साधन आहे, कासव त्याला अडून वरच्या झडपेतून बाहेर पडतं आणि कोळंबी मागे जाते. ते आपल्याकडे वापरलं जात नाही म्हणून अमेरिकेने आपली समुद्रातली कोळंबी घेणं बंद केलंय. तांडेल, म्हणजे बोटीचे कप्तान, म्हणतात त्यातून मासळीही जाते, थोडी जातेही, पण हा वाद बंदरावर बसून सोडवायचा आहे, सोशल मीडियावर शिव्या घालून नाही. छोट्या होडीवाल्याचं गणित आणखी वेगळं. त्याच्या जाळ्यात कासव गुरफटलं तर सोडवायला जाळं कापावं लागतं आणि ते जाळं म्हणजे त्याचा महिन्याचा किराणा. म्हणून डिसेंबर २०१८ मध्ये राज्य सरकारने योजना काढली, संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी जाळं कापलं तर जास्तीत जास्त २५ हजार रुपये भरपाई, पुरावा म्हणून फोटो किंवा व्हिडिओ, अर्ज मत्स्यव्यवसाय खात्यामार्फत. डहाणूपासून सिंधुदुर्गापर्यंत कितीतरी कासवं, व्हेल शार्क मासे, डॉल्फिन यामुळे सुटलेत. तुमच्या ओळखीचा तो होडीवाला आहे ना, त्याला ही योजना माहीत आहे का ते विचारा, नसेल तर सांगा. कासव खोल नेऊन सोडायला स्वतःचं डिझेल जाळणारा माणूस आहे तो, त्याला फक्त दिशा चुकीची कोणीतरी सांगितली.

कापलेलं जाळं मात्र किनाऱ्यावर फेकून येऊ नका. ते भरतीला परत आत जातं आणि पुढच्याला धरतं. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते तरी कासवं जखमी होऊन येतच असतात, कारण तुटून सुटलेली जाळी बंदी पाळत नाहीत. शक्य असेल तर त्या जाळ्याचा वीतभर तुकडा पिशवीत घालून वनरक्षकाला द्या, आसाची, म्हणजे जाळ्याच्या भोकांची, मापं आणि दोऱ्याची जाडी बघून ते कसलं जाळं ते बंदरावरचा कोणीही सांगतो.

शेवटी मेलेल्या कासवाबद्दल, कारण पावसात ती जास्त सापडतात. वास आला की ग्रामपंचायत लगेच पुरून टाकते. पुरायला हरकत नाही, पण आधी कळवा. चारही पायांच्या कडा बघा, धातूची पट्टी असेल तर तिच्यावरचा नंबर आणि मागच्या बाजूचा पत्ता दोन्हीचा फोटो काढा, पट्टी उपटू नका. शेपटी लांब, कवचाच्या बरीच बाहेर आलेली असेल तर नर, आखूड असेल तर मादी किंवा अजून वयात न आलेलं. शिवणाचा मऊ टेप असेल तर पाठीवरून वाकवून मानेच्या मागून शेपटीच्या वर कवच संपतं त्या टोकापर्यंत लांबी घ्या, नसेल तर शेजारी चप्पल ठेवून फोटो काढा. तारीख, वेळ, किनारा, लांबी, जखमा, जाळं होतं की नव्हतं, एवढं एका मेसेजमध्ये पाठवा. हात साबणाने धुवा, कासवांच्या अंगावर साल्मोनेला असतो, आणि नंतरच वडापाव खा.